तुस्कानो बाईंनी मागितलेला वर्ग

तुस्कानो बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या माझ्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसल्या होत्या आणि त्यांच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते. मी सहावीला अपूर्णांक शिकवत होते. फळ्याकडून वळले तर मुलांच्या रांगेच्या टोकाला ही पन्नाशीची बाई, बुटकी, गोल चेहऱ्याची, सुती साडी नेसलेली, मुलांच्या बाकात कशीबशी मावलेली. टक लावून माझ्याकडे पाहत होती. माझ्याकडे म्हणजे माझ्या तोंडाकडे. नवीन विशेष शिक्षिका येणार आहेत, असं मुख्याध्यापकांनी सकाळी सांगितलं होतं. त्या कानांत कापूस घालून माझ्या वर्गात बसतील, हे मात्र सांगितलं नव्हतं.

तास संपल्यावर त्यांनी बोळे काढून रुमालात बांधले आणि हसून म्हणाल्या, "छान शिकवता हो तुम्ही. मला अर्धं कळलं."

"अर्धंच?"

"आमच्याकडे तोंड करून बोललात तेवढं कळलं. उरलेलं तुम्ही फळ्याला सांगितलंत. आणि मधूनमधून खिडकीशी जाऊन उभ्या राहता ना, तेव्हा मागून एवढा उजेड येतो की तुमचा चेहरा काळा दिसतो. ओवीने काय बघायचं मग?"

ओवी माझ्या वर्गातली मुलगी. जन्मापासून कानांनी कमी, दोन्ही कानांना मशीन. ती खडवलीहून आईबरोबर डोंबिवलीला आमच्या शाळेत यायची, कारण आमच्या शाळेत अशा मुलांसाठी विशेष शिक्षिकेचं पद होतं. आई तिला वर्गात सोडायची आणि शाळा सुटेपर्यंत फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसून राहायची. ओवीला मी पहिल्या बाकावर बसवलं होतं, मोठ्याने बोलत होते, आणि आपण सगळं नीट करतोय अशी माझी समजूत होती.

"मशीन म्हणजे चष्मा नाही," बाई म्हणाल्या. "चष्मा लावला की नीट दिसतं. मशीन लावलं की नुसतं मोठं ऐकू येतं. पंखाही मोठा, बाक सरकलेलाही मोठा, बाहेरचा भाजीवालाही मोठा. त्या सगळ्यातून तुमचा आवाज तिला वेचून काढावा लागतो. मोठं नको हो, स्पष्ट हवं."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. शाळेच्या स्नेहसंमेलनात माइकवाल्याला त्या हेच सांगायच्या. ठाण्याला टेंभी नाक्याच्या मागे त्यांचं घर होतं, तिथे नवरात्रात स्पीकर लावणाऱ्या पोरांनाही त्यांनी एकदा हेच सांगितलं होतं. "पोरं म्हणाली, मावशी, मोठा नाही लावला तर मजा काय? त्यांचंही बरोबर आहे." हे त्यांचं दुसरं वाक्य. समोरचा आपल्या अगदी उलट बोलला तरी बाई क्षणभर विचार करून म्हणायच्या, त्यांचंही बरोबर आहे. मला पुढे या वाक्याची भीती वाटायला लागली.

बाई मूळच्या वसईच्या किनाऱ्यावरच्या, मासेमारी करणाऱ्या ख्रिश्चन घरातल्या. बोलताना एरवी अगदी पुस्तकी मराठी, पण बहिणीचा फोन आला की आवाज चढायचा, हेल बदलायचा, आणि मधल्या सुट्टीत आम्ही सगळ्या जणी गंमत म्हणून ऐकत बसायचो. त्यांच्या वडिलांचे कान होडीच्या इंजिनापाशी बसून बसून गेले होते. "बापाला ऐकू येईना, म्हणून घरात सगळे त्याच्याशी ओरडून बोलायचे," त्यांनी एकदा सांगितलं. "ओरडताना माणसाचा चेहरा रागीट होतो गं. त्याला आवाज यायचा नाही, नुसते चेहरे दिसायचे. त्याला वाटायचं, आपली सगळी माणसं आपल्यावर चिडली आहेत. शेवटी शेवटी तो घरात यायचाच नाही. किनाऱ्यावर बसून राहायचा." बाई भावंडांत सगळ्यांत धाकट्या. त्या वडिलांसमोर दारातल्या उजेडात उभ्या राहून हळू, नीट बोलायच्या. त्यातूनच पुढे या शिक्षणाकडे वळल्या.

आमची जुनी शाळा डोंबिवलीत कोपरच्या बाजूला होती. बैठी, कौलारू, दोन वर्गांमध्ये लाकडी फळ्यांची आडभिंत. पावसाळ्यात गळायची, उंदीर होते, मुलं दोन पाळ्यांत बसवावी लागायची. पण बाईंना ती आवडायची. लाकूड आणि कौलं आवाज पिऊन टाकतात, आवाज घुमत नाही, असं त्या म्हणायच्या. त्यांनी माझ्या वर्गात फळा उचलून दुसऱ्या भिंतीवर लावून घेतला, म्हणजे खिडकीचा उजेड शिकवणाऱ्याच्या तोंडावर पडेल. बाकांच्या पायांना जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधले. मी मुलांकडे तोंड केल्याशिवाय बोलायचं नाही, अशी मला सवय लावली. सवय सुटली की शेवटच्या बाकावरून त्या नुसतं बोट वर करायच्या.

ओवीत फरक पडला. तो कुठल्या परीक्षेत दिसण्याआधी बाईंना दिसला. एकदा मी वर्गात काहीतरी विनोद केला, मुलं हसली. तास संपल्यावर बाई माझा हात धरून म्हणाल्या, "बघितलंस? आज ओवी सगळ्यांबरोबर हसली."

मला कळेना. "नेहमीच हसते की ती."

"नेहमी नंतर हसते. बाकीच्यांना हसताना बघून हसते. आज बरोबर हसली, वैशाली. तिला विनोद ऐकू आला."

त्या दिवसापासून त्या मला अहो-जाहो करायच्या थांबल्या.

मग संस्थेने जुनी शाळा पाडून पाच मजली इमारत बांधायचं ठरवलं. अर्धी शाळा आधी पाडायची आणि इमारत होईपर्यंत वर्ग उरलेल्या अर्ध्या भागात भरवायचे होते. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, हे मी आधीच सांगते. संस्थेचे कार्यवाह दामले साहेब सत्तरी ओलांडलेले, शाळेसाठी उन्हातान्हात हिंडणारे गृहस्थ. आर्किटेक्ट नितीन माझाच जुना विद्यार्थी, हुशार आणि नम्र. एका देणगीदाराने प्रत्येक वर्गासाठी मोठा डिजिटल फळा देऊ केला होता. आम्हा शिक्षकांना नकाशा दाखवायला बोलावलं तेव्हा सगळे हरखून गेले होते. फाटक कुठे, सरस्वतीची मूर्ती कुठे, सभागृहाला नाव कुणाचं, यावर बराच वेळ चर्चा झाली. बाईंनी विद्यार्थ्यासारखा हात वर केला.

"वर्गात फळा कुठल्या भिंतीवर आहे?"

नितीनने नकाशा फिरवून पाहिला. "मॅडम, फळा यात नाही दाखवलेला. तो नंतर येतो, फर्निचरमध्ये."

"फळा फर्निचर आहे?"

"म्हणजे तसं नाही..."

"मुलं वर्गात दोनच गोष्टी करतात ना, बघतात आणि ऐकतात. ते कुठल्या नकाशात असतं?"

सगळे हसले. चेष्टेने नाही, कौतुकानेच. दामले म्हणाले, "बाईंचा मुद्दा अगदी बरोबर आहे. नितीन, लिहून घे." नितीनने लिहून घेतलं.

नंतर नितीनने आम्हाला वर्गाचा नमुना काढून दाखवला. खिडक्या पुढच्या भिंतीत, दोन खिडक्यांच्या मध्ये फळ्याची जागा, दारं मागच्या भिंतीत. म्हणजे शिकवणारा दिवसभर उजेडाकडे पाठ करून उभा राहणार. बाईंनी ते त्याला समजावून सांगितलं. त्याला लगेच पटलं, पण तो म्हणाला, "नकाशा पालिकेत मंजूर झालाय, मॅडम. खिडकी हलवली की पुन्हा मंजुरी घेणं आलं. अख्खं वर्ष जाईल."

"खिडकी नका हलवू. फळा बाजूच्या भिंतीवर घ्या."

"मग बाकं आडवी लावावी लागतात. एक रांग कमी होते. एवढी मुलं बसवायची कुठे?"

"त्यांचंही बरोबर आहे," बाई घरी जाताना मला म्हणाल्या. आधी त्यांनी प्रत्येक मजल्यावर एक वर्ग मागितला होता. मग दोन मागितले. शेवटी एकच मागितला. तळमजल्यावरचा, रस्त्यापासून दूर असलेला. त्यात फळा बाजूच्या भिंतीवर, शिकवणाऱ्याच्या तोंडावर पडेल असा दिवा, आणि आवाज घुमू नये म्हणून मऊ तक्त्यांचं छत लावायचं, जिप्समचं असतं तसं पण आवाज शोषणारं. बस. ज्या इयत्तेत अशी मुलं असतील ती इयत्ता त्या वर्गात बसेल. दामले म्हणाले, "एका वर्गाचं काय हो, सहज होईल." नितीन म्हणाला, "मी इलेक्ट्रिकलवाल्याला आजच सांगतो." सगळ्यांनी हो म्हटलं. बाईंना त्या रात्री झोप लागली नाही म्हणे, आनंदाने. दुसऱ्या दिवशी घरून केक करून आणला आणि आम्हाला वाटला.

तळमजल्याच्या डोक्यावरचा स्लॅब एका रविवारी ओतायचा होता. वायरींचे पाइप स्लॅबमध्ये आणि भिंतींत आधी बसवतात, ते बघायला बाई चर्चमधून थेट आल्या, चांगल्या साडीत. मी कोपरलाच राहते, म्हणून मलाही बोलावलं. आम्ही पोचलो तेव्हा मशीन घरघरत होतं आणि एका टोकाने काँक्रीट ओतायला सुरुवात झाली होती. बाईंच्या वर्गावरचा भाग अजून मोकळा होता. सळ्यांच्या जाळीतून पाइप दिसत होते. ते सगळे पुढच्या भिंतीकडे, खिडक्यांच्या मधल्या जागेकडे गेले होते. बाजूच्या भिंतीकडे एकही नव्हता.

बाईंनी सुपरवायझरला विचारलं. तो घाईत होता, तरी थांबला. "मॅडम, ड्रॉइंगमध्ये जे हाय ते टाकलंय. हे बघा. बाजूच्या भिंतीला काय दाखवलंच नाय."

मी नितीनला फोन लावला. तो कल्याणला दुसऱ्या साइटवर होता. "अरेच्चा," तो म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटलेलं मला ऐकू आलं. "मी इलेक्ट्रिकलवाल्याला सांगितलं होतं, बाई. त्याने जुनंच ड्रॉइंग दिलेलं दिसतंय."

"मग थांबव ना, रे."

"आता नाही थांबवता येत. मालाच्या गाड्या उभ्या असतात, स्लॅब मधेच सोडला तर जोड राहतो. उद्या गळेल, तडा जाईल. कसं थांबवू?"

बाईंनी माझ्या हातातून फोन घेऊन दामल्यांना लावला. ते म्हणाले, "बाई, घाबरू नका. भिंतीवरून प्लास्टिकची पट्टी मारून वायर नंतर नेता येईल. नंतर सगळं करता येतं."

बाईंनी फोन मला परत दिला. कामगारांनी आम्हाला बाजूला व्हायला सांगितलं, म्हणून आम्ही जुन्या शाळेच्या पाडलेल्या भागातल्या ओट्यावर जाऊन उभ्या राहिलो. तिथून काँक्रीट त्यांच्या वर्गाच्या दिशेने सरकताना दिसत होतं. एक मजूर बाई फावड्याने ते पसरवत होती. पाइप हळूहळू दिसेनासे झाले.

"नंतर म्हणजे काय, वैशाली?" बाई म्हणाल्या. "सिमेंटला नंतर नसतं गं."

मी म्हटलं, आपण अजून पाठपुरावा करू. त्या म्हणाल्या, हो, करू. आणि खरंच केला. दर आठवड्याला त्या संस्थेच्या कार्यालयात जायच्या. कुणी नाही म्हणायचं नाही, हीच अडचण होती. नाही म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. तिथे चहा मिळायचा, "तुमचं लक्षात आहे बाई" मिळायचं, आणि बाई "बरं, मी पुन्हा येते" म्हणून उठायच्या. छताचं काम दुसऱ्या टप्प्यात गेलं. मग दुसऱ्या टप्प्यात सभागृहाच्या भिंतींवरचं नक्षीकाम आलं आणि छत तिसऱ्या टप्प्यात गेलं. डिजिटल फळे बसवायला कंपनीची माणसं आली ती मे महिन्याच्या सुट्टीत. जिथे विजेचा पॉइंट होता तिथे फळा ठोकून गेली. सगळ्या वर्गांत, तसाच बाईंच्याही वर्गात, दोन खिडक्यांच्या मधोमध.

जूनमध्ये नवी शाळा सुरू झाली. गुळगुळीत फरशी, काचेच्या सरकत्या खिडक्या, पांढऱ्या स्वच्छ भिंती. पालक फोटो काढत होते. ओवीचा वर्ग आता आठवीचा होता आणि ठरल्याप्रमाणे तळमजल्यावर. मी पहिलं वाक्य बोलले आणि माझाच आवाज भिंतींवर आपटून माझ्याकडे परत आला. पुढचं वाक्य त्यात मिसळलं. मुलांनी पाठ्यपुस्तकं उघडली तर त्या खसखसाटाने वर्ग भरला. मी ओवीकडे पाहिलं. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती, डोळे बारीक करून, कारण माझ्या दोन्ही बाजूंनी उजेड तिच्या डोळ्यांत येत होता.

डिजिटल फळा तर बाकांवरून दिसतच नव्हता. त्याच्या काचेवर अख्खा वर्ग उलटा दिसायचा. पडदे ओढले की फळा दिसायचा, पण वर्गात अंधार व्हायचा आणि माझं तोंड दिसेनासं व्हायचं. बाई शेवटच्या बाकावर बसून पडदा उघडायला सांगायच्या, मग लावायला सांगायच्या, मग अर्धा उघडायला सांगायच्या. एक दिवस त्यांनी काहीच सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात ओवीने मशीन काढून कंपासपेटीत ठेवलं. मी खुणेने विचारलं, का? ती म्हणाली, "बाई, सगळे एकदम बोलतात." वर्गात त्या वेळी कुणीच बोलत नव्हतं. पंखा चालू होता आणि व्हरांड्यातून एक वर्ग रांगेने जात होता.

मग बाईंनी गोधड्या आणल्या. आधी स्वतःच्या घरच्या, मग बहिणीकडून, मग पालकांकडून. ओवीच्या आईने दोन आणल्या. बाईंनी आणि मी एका शनिवारी शाळा सुटल्यावर मागची भिंत आणि बाजूच्या भिंती गोधड्यांनी झाकल्या, खिळ्याला सुतळी बांधून. एका खिडकीला काळा पुठ्ठा लावला. वर्ग भटक्यांच्या पालासारखा दिसायला लागला, इतर शिक्षक येऊन हसून जायचे. पण आवाज घुमायचा थांबला. सोमवारी ओवीने मशीन लावलं. दोन दिवसांनी तिने मला उत्तर दिलं, अख्खं वाक्य, उभं राहून. बाईंनी शेवटच्या बाकावर पदर तोंडाला लावला.

ते पावसाळा संपेपर्यंत टिकलं. इमारतीच्या तपासणीला अग्निशमन दलाचा अधिकारी आला. तरुण मुलगा होता, अदबीने बोलणारा. गोधड्या पाहून त्याने विचारलं, "हे काय आहे, मॅडम?" बाईंनी सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मला समजतंय. पण कापूस आहे हा. शॉर्टसर्किट झालं आणि हे पेटलं तर मुलं बाहेर कशी काढाल? मला हे लिहावंच लागेल."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता त्या चिडतील. चिडाव्यात असं वाटत होतं. त्या म्हणाल्या, "तुमचंही बरोबर आहे," आणि स्वतः स्टुलावर चढून सुतळ्या सोडायला लागल्या. त्या मुलाने खालून गोधड्या धरल्या.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ओवीची आई मला आणि बाईंना भेटायला वर्गात आली. कट्ट्यावर बसून बसून तिची आमच्याशी चांगली ओळख झाली होती, पण त्या दिवशी ती ओवीचा हात धरून दारातच उभी राहिली.

"बाई, तिला घेऊन जाते," ती म्हणाली. "गावातल्या शाळेत टाकते."

"तिथे विशेष शिक्षिका नाही ना," मी म्हटलं.

"नाय. पण घराजवळ हाय. इथं ती नुसती बसते आणि मी भायेर नुसती बसते." मग ती बाईंकडे वळली. "बाई, राग मानू नका. जुन्या शाळेत असताना ती घरी बोलायची. दिवसभर बडबड करायची, तिचा बाप म्हणायचा गप बस. आता घरी पण बोलत नाय."

बाईंनी ओवीला जवळ घेतलं, तिचा चेहरा वर केला आणि सावकाश म्हणाल्या, "रोज मोठ्याने वाच. आईला ऐकव." ओवीने मान हलवली. मग त्या दोघी गेल्या. बाई त्या दिवशी माझ्या तासाला नेहमीप्रमाणे शेवटच्या बाकावर येऊन बसल्या. मी फळ्याकडे तोंड करून बोलले तरी त्यांनी बोट वर केलं नाही.

ओवीच्या पाठोपाठ आणखी दोन मुलं गेली. शाळेतल्या अशा पाच मुलांपैकी दोन उरली. मुलं कमी झाली म्हणून पद कमी करण्याचा हुकूम आला. बाईंची बदली कल्याणला झाली, तिथल्या काही शाळांमध्ये फिरून काम करायचं होतं. मी दामल्यांकडे गेले. म्हटलं, मुलं कमी झाली नाहीत साहेब, वर्गामुळे गेली. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "माझ्या हातात असतं तर," ते म्हणाले. "पद वरून जातं हो. मी काय करणार? छताचं मी अजून सोडलेलं नाही, पुढच्या वर्षी नक्की करू." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना ते करायचं होतं. फक्त ज्या मुलांसाठी करायचं ती तोवर नसणार होती, आणि हे वाक्य मी त्यांच्यासमोर पुरं करू शकले नाही.

निरोपाचा कार्यक्रम नव्या सभागृहात ठेवला होता. सगळी शाळा जमली होती. बाईंना शाल दिली, नारळ दिला, मुलींनी गाणं म्हटलं. दामले अगदी मनापासून बोलले, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. मी मुलांबरोबर मागच्या बाजूला बसले होते. तिथे येईपर्यंत माइकचा आवाज इतका घुमत होता की एका शब्दावर दुसरा चढत होता. मग बाई बोलायला उभ्या राहिल्या. त्यांनी माइक तोंडापासून जरा लांब धरला, हळू बोलल्या, थांबून थांबून बोलल्या. त्यांना येत होतं ते सगळं त्यांनी केलं. मला "इमारत" एवढा शब्द कळला आणि "मुलं" कळला. त्या थोडंसंच बोलल्या आणि बसल्या. सभागृहात जोरात टाळ्या झाल्या.

कार्यक्रमानंतर मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले. शाल, नारळ, फुलं, डब्यांची पिशवी असं सगळं आत ठेवलं. त्या आत बसल्यावर मी विचारलं, "बाई, तुम्ही काय बोललात ते मला मागे ऐकू आलं नाही."

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "काही विशेष नव्हतं."

रिक्षा सुरू झाली होती. त्यांनी ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावून ती थांबवली, बंद करायला सांगितली, आणि खाली उतरल्या. त्यांचा चेहरा एकदम ओढल्यासारखा झाला होता. "असं नाही म्हणायचं मी," त्या म्हणाल्या. "या मुलांना जन्मभर हेच ऐकवतात लोक. पुन्हा विचारलं की राहू दे, काही विशेष नव्हतं. मी कधीच नाही म्हणाले कुणाला. आज तुला म्हणाले."

मग माझ्यासमोर सरळ उभ्या राहून, माझ्या डोळ्यांत बघत, एकेक शब्द सुटा करत त्यांनी मला आपलं भाषण पुन्हा सांगितलं.

"मी म्हटलं, इमारत सुंदर झाली आहे. सगळ्यांनी खूप कष्ट घेतले, कुणावर माझा राग नाही. पण माझ्या मुलांना या इमारतीत ऐकू येत नाही, म्हणून ती गेली. दुसरी इमारत बांधाल तेव्हा आधी त्यांना विचारा. एवढंच म्हटलं."

"आणि मग टाळ्या वाजल्या," मी म्हटलं.

"हो," बाई म्हणाल्या. "छान वाजल्या."